पावसाआधी बंबाचं धुराडं झाडून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग तोंडावर आला की आपल्याकडं कौलं चाळली जातात, पन्हळी साफ होतात, जळण आत येतं आणि शेणींच्या हुडव्यावर प्लॅस्टिकचा कागद पडतो. या सगळ्या धांदलीत एक काम मात्र राहून जातं. न्हाणीतला पाणी तापवायचा बंब आणि त्याचं धुराडं कुणी उघडून बघत नाही. मग आषाढात दारं-खिडक्या बंद असताना बंब पेटवला की घरभर धूर होतो, डोळ्यांना धारा लागतात आणि सगळा दोष ओल्या जळणावर जातो. जळण ओलं असतं, नाही असं नाही. पण धुमसणाऱ्या बंबात खरी अडचण बहुतेक वेळा वाऱ्याच्या वाटेत असते. ती वाट कशी तपासायची, कशी मोकळी करायची आणि कुठं चुकलं की जिवावर बेततं, हे नीट लिहिलेलं कुठं सापडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत. कोल्हापूर शहरात पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगडकडच्या घरांत अजूनही आंघोळीचं पाणी बंबावरच तापतं. गॅस आला तो स्वयंपाकघरात. न्हाणीत जाळ आहे तसाच आहे.

बंबाची रचना साधी आहे. मधोमध नळा, त्याभोवती पाणी, नळ्याच्या बुडाला जाळी, जाळीखाली राखेची जागा. वारा राखेच्या तोंडातून आत शिरतो, जाळीतून वर चढतो, जळणाला लागतो, तापतो, हलका होतो आणि नळ्यातून वर निघून जातो. वर जाणारा गरम धूरच खालून ताजा वारा ओढून घेतो. या ओढीवर सगळा बंब चालतो. ही ओढ किती नाजूक असते बघा. धुराड्याची दहा फूट उंच नळी, आतला धूर सरासरी १५० अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा २५ अंश असेल, तर मिळणारी ओढ पाण्याच्या जेमतेम १ मिलिमीटर उंचीएवढ्या दाबाची असते. एवढ्याशा जोरावर सगळा धूर छपराबाहेर जायचा असतो. वाटेत थोडी राख, एखादं घरटं, एक नको तिथलं वळण किंवा सांध्यातली फट आली, की तो जोर संपतो आणि धूर मागं फिरतो.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एक उदबत्ती पेटवा. बंबात थोडं वाळलं जळण घालून पाच-सात मिनिटं जाळ धरू द्या आणि उदबत्ती राखेच्या तोंडाशी नेऊन धरा. धुराची रेघ सरळ आत ओढली गेली तर वाट मोकळी आहे. रेघ जागीच घोटाळली तर ओढ कमी आहे. बाहेरच्या बाजूला ढकलली गेली तर धुराडं तुंबलंय किंवा वरून वारा उलटा घुसतोय. मग हीच उदबत्ती नळीच्या प्रत्येक सांध्याशी हळूहळू फिरवा. जिथं धूर आत खेचला जातो तिथं फट आहे. या फटीतून धूर बाहेर येत नाही म्हणून लोक तिच्याकडं दुर्लक्ष करतात. पण तिच्यातून गार हवा आत शिरते, धूर मध्येच थंड होतो आणि खालची ओढ मरते. चुलीच्या अंगाला गेलेल्या भेगेचंही असंच असतं. वाऱ्यानं जाळीखालूनच यायला हवं. दुसरी कुठलीही वाट ही चोरवाट.

आता सफाई. बंब पूर्ण गार होऊ द्या. आदल्या दिवशी सकाळी पेटवला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी हात घाला. नाकातोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल आणि खाली ओलं पोतं अंथरलेलं असू द्या. आधी जाळी बाहेर काढा. ती बिडाची असते आणि तिच्या पट्ट्यांमध्ये साधारण १० ते १२ मिलिमीटर फट असावी लागते. शेणी जाळणाऱ्या घरांत या फटी लवकर बुजतात, कारण शेणीत राख लाकडापेक्षा कितीतरी जास्त असते. पट्ट्या मध्ये खाली वाकल्या असतील तर दोष जाळीचा समजू नका. खालची राख वेळच्या वेळी काढली नाही की ती जाळीला टेकते. जाळीला गार ठेवतो तो खालून येणारा वारा. तो बंद झाला की बीड लाल होतं आणि वजनानं झोल खातं. नवी जाळी टाकली आणि राख तशीच साठू दिली तर सहा महिन्यांत तीही वाकेल. जाळी आणि राखेचा तळ यांत किमान चार इंच अंतर राहिलं पाहिजे आणि राख दोन इंचांवर चढू देऊ नये. कोल्हापुरात बिडाच्या जाळीला तोटा नाही. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्रीवाल्या गावात आपण राहतो. जुन्या जाळीचं माप किंवा लाकडी नमुना दिला की तशीच ओतून देणारं कुणीतरी भेटतं. फक्त नळ्याच्या आतल्या मापापेक्षा जाळी सगळीकडून ३-४ मिलिमीटर लहान ठेवायला सांगा. बीड तापलं की फुगतं आणि घट्ट बसवलेली जाळी नळ्याला आतून रेटते.

जाळी काढल्यावर बॅटरी घेऊन खालून नळ्यात बघा. आतली काजळी तीन प्रकारची असते आणि प्रत्येक प्रकार वेगळं काही सांगतो. भुरभुरीत, मखमलीसारखी काळी भुकटी असेल तर ती नेहमीची, साध्या ब्रशनं पडते. पापुद्रे धरून बसलेली, बोट लावलं की खळकन तुटणारी असेल तर जाळ बरेच दिवस धुमसत चाललाय. आणि डांबरासारखी चकाकणारी, टणक, ओघळ आलेली काजळी दिसली तर जपा. ओलं जळण आणि बंद केलेला वारा यांतून ती तयार होते. ब्रशनं ती निघत नाही आणि एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला की तीच पेट घेते. पत्र्याच्या नळीत अशी काजळी धरली असेल तर खरवडत बसू नका, नळीचा तेवढा तुकडा बदला.

तांब्याच्या नळ्याला लोखंडी तारेचा ब्रश घालू नये, पितळी तारेचा घालावा. नाहीतर बांबूच्या टोकाला काथ्याचा घट्ट गुंडा बांधला तरी काम होतं. गुंडा नळ्याच्या मापापेक्षा अर्धा इंच मोठा हवा, म्हणजे तो चेपून बसतो आणि कडा घासतो. धुराड्याच्या लांब नळीसाठी दोरीच्या मध्यावर गुंडा बांधा, खालच्या टोकाला किलोभर वजन लावा, एक माणूस वर आणि एक खाली, असं आठ-दहा वेळा वर-खाली ओढा. छपरावर चढणाऱ्यानं पायाखाली फळी घ्यावी. ओल्या कौलावर चढू नये, म्हणून तर हे काम मृगाच्या आधी. शाकारणीला माणूस वर चढलेला असतोच, त्याच्याच हातून अर्ध्या तासात होतं.

काजळीनं किती फरक पडतो ते साध्या मापानं कळेल. चार इंची नळीत सगळीकडून अर्धा इंच थर बसला तर आतलं तोंड तीन इंचांचं उरतं. तीन आणि चार यांत फरक थोडा वाटतो. पण क्षेत्रफळ काढलं तर वाट ५६ टक्केच उरलेली असते. म्हणजे जवळजवळ निम्मं धुराडं बंद. रोज बंब पेटत असेल तर महिन्यातून एकदा नळी झाडावी. थर ३ मिलिमीटर झाला की तारखेची वाट बघू नये. नळ्याच्या आतली काजळी दर आठवड्याला झाडली तर पाणीही लवकर तापतं, कारण काजळी धग अडवते आणि पाण्याला लागणारी उष्णता तशीच धुराड्यातून वर निघून जाते.

धुराड्याची जोडणी हा चुकांचा मोठा कारखाना आहे. पहिली चूक नळीच्या सांध्याची. वरची नळी खालच्या नळीच्या आत बसली पाहिजे. बरेच जण उलट बसवतात. त्यांना वाटतं, धूर खालून वर जातो, तेव्हा खालच्या नळीचं तोंड वरच्या नळीत असलेलं बरं. पण धुरातली वाफ थंड होऊन आतल्या बाजूनं खाली ओघळते आणि उलट्या सांध्यातून बाहेर येऊन भिंतीवर ते काळपट-तपकिरी पट्टे पडतात. तो गळका पाऊस नव्हे. सुलट सांध्यात हे पाणी आतच राहतं, खाली येऊन तापतं आणि परत उडून जातं.

दुसरी चूक वळणाची. काटकोनी एल्बो लावला की धूर तिथं आपटतो, थंड होतो आणि काजळीही तिथंच साचते. काटकोनाऐवजी ४५ अंशांची दोन वळणं द्या. आडवी नळी लागणारच असेल तर ती तीन फुटांपेक्षा लांब नको आणि पुढं जाताना दर फुटाला निदान पाव इंच वर चढती हवी. आडव्या नळीच्या टोकाला काढता येणारं झाकण ठेवा. नाहीतर साफ करताना सगळं धुराडं सोडवावं लागतं आणि मग कुणीच साफ करत नाही.

तिसरी चूक पत्र्याची. बाजारात गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नळी स्वस्त मिळते. ती वर चालते, पण जाळाच्या लगतचे पहिले तीन फूट काळ्या लोखंडी किंवा स्टेनलेसच्या पत्र्याचेच घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं. जाळाजवळ तो थर जातो, जस्ताचा धूर छातीला वाईट असतो आणि उघडा पडलेला पत्रा दोन पावसाळ्यांत चाळणी होतो. २२ गेजचा पत्रा पुरे, त्याहून पातळ नको. सांध्याला फायरक्ले (जाळ सोसणारी भट्टीची माती) आणि सोडियम सिलिकेट यांचा घट्ट लगदा भरा. सोडियम सिलिकेट फौंड्रीत साच्यांसाठी लागतंच, त्यामुळं आपल्या गावात ते सहज मिळतं. एम-सील किंवा सिमेंट भरू नका. एम-सील जळून जातं आणि चारशे-पाचशे अंशांच्या पुढं सिमेंटची पकड सुटून त्याचा भुगा होतो. चुलीच्या आत सिमेंटचा गिलावा टिकत नाही तोही याच कारणानं.

नळी छपरातून जिथं बाहेर पडते तिथं वासे आणि रिपा असतात. उघड्या नळीपासून लाकूड निदान दीड फूट लांब हवं. तेवढी जागा नसेल तर मध्ये पत्रा उभा करा, पण तो लाकडाला चिकटवू नका, मागं इंचभर हवेची फट सोडा. ही फटच लाकूड वाचवते. लाकडाला खिळून टाकलेला पत्रा स्वतः तापतो आणि तीच धग लाकडाला देतो.

उंचीचा नियम असा. नळी छपरातून जिथं बाहेर येते तिथून निदान तीन फूट वर न्या आणि दहा फुटांच्या आत आढं, शेजारची भिंत किंवा पाण्याची टाकी असेल तर तिच्यापेक्षा दोन फूट उंच न्या. पेठांमध्ये शेजारी मजला चढला आणि आपला बंब धुमसायला लागला, असं घडतं ते यामुळं. उंच भिंतीवर आपटून वारा खाली घुसतो आणि आपल्या नळीत शिरतो. त्यात शेजाऱ्याचा दोष काढून उपयोग नाही, नळीच वाढवावी लागते. वाढवल्यावर तिला तीन बाजूंनी तारेचे ताण द्या. वरच्या टोपीत आणि नळीच्या तोंडात चार इंची नळीला किमान दोन इंच मोकळी जागा ठेवा. पाऊस आत येऊ नये म्हणून टोपी खाली दाबून बसवलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. तसं केलं तर पाऊस येत नाही, पण धूरही जात नाही. टोपीच्या कडेला अर्धा इंची जाळी लावली की साळुंक्या घरटं करत नाहीत. त्याहून बारीक जाळी नको, ती काजळीनं बुजते.

आता त्या गोष्टीकडं येतो जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. एक किलो वाळलेलं लाकूड पुरतं जळायला निदान साडेचार ते पाच घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंचीची न्हाणी घ्या. तिच्यात सगळी मिळून साडेपाच घनमीटर हवा मावते. म्हणजे एक किलो जळण त्या खोलीतली जवळजवळ सगळी हवा खाऊन टाकतं. जुन्या न्हाणीला वर गवाक्ष असायचं, दाराखाली बोटभर फट असायची आणि कौलांमधून वारा यायचा. आता तिथं टाइल्स आल्या, स्लॅब आला, फायबरचं घट्ट दार आलं, खिडकीला काच बसली. बंब मात्र तोच राहिला. बाहेरून वारा यायला वाटच नाही, मग धुराडं कितीही साफ असो, ओढ कशाची लागणार? हवा कमी पडली की लाकूड अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं धरून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, हातापायांतलं बळ जातं आणि माणसाला दार उघडावंसं वाटतं तेव्हा उठता येत नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, हा समज सर्वांत घातक. निखारे उरलेत, जाळ विझलाय, धूर थांबलाय, अशा वेळी हा वायू सर्वांत जास्त असू शकतो. थंडीत न्हाणी उबदार राहावी म्हणून इंगळाची घमेली आत ठेवणं, लहान बाळाला किंवा बाळंतिणीला शेकताना दार लावून घेणं, हे कृपा करून बंद करा. शेक द्यायचा असेल तर दार उघडं आणि खिडकी उघडी.

बंब आत असेल तर दोन भोकं हवीत. एक जमिनीलगत, राखेच्या तोंडाच्या जवळ, निदान सहा बाय सहा इंचांचं, थेट बाहेर उघडणारं. दुसरं छताखाली तेवढंच. दोन्हींना जाडी जाळी लावा. काच किंवा झडप लावू नका, कारण थंडीत ती बंद होतेच. यापेक्षा चांगला उपाय म्हणजे बंब परड्यात किंवा न्हाणीच्या भिंतीबाहेर पडवीत ठेवायचा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यायची. भिंतीला एक भोक पाडायचा खर्च तो कितीसा! आणि न्हाणीत एक्झॉस्ट फॅन असेल तर बंब पेटलेला असताना तो लावू नका. बंद खोलीत फॅन हवा बाहेर फेकतो, तिची जागा भरायला हवा धुराड्यातून खाली येते आणि धुरासकट येते. स्वयंपाकघरात विजेची चिमणी आणि शेजारच्या खोलीत बंब, अशा घरांतही हेच घडतं.

गॅस गीझरबद्दल थोडक्यात. तोही जाळच आहे आणि त्यालाही हवा लागते. तो न्हाणीबाहेर, उघड्यावर बसवा. ज्योत निळी हवी. पिवळी पडली, टोकाला काजळी धरली की हवा कमी पडतेय किंवा बर्नर बुजलाय. कुंभारीण माशी आणि कोळी यांना बर्नरची भोकं फार आवडतात. वर्षातून एकदा तो जाणत्या माणसाकडून उघडून साफ करून घ्यावा.

जळणाचं बोलायचं तर ओल्या लाकडातलं एक लिटर पाणी वाफ करून उडवायला जेवढी उष्णता खर्ची पडते, तेवढ्यात आंघोळीचं पंधरा लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर जातं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. ठणठणीत आवाज आला आणि टोकांना भेगा दिसल्या तर जळण तयार आहे. ठप्प आवाज आला तर अजून ऊन दाखवा. गुऱ्हाळावर ताजं चिपाड कुणी चुलवाणात घालत नाही, आधी पसरून वाळवतात, कारण त्यात निम्मं वजन पाण्याचं असतं. चुलवाणाला जाळ घालणारा माणूस बघा, तो एकदम भारा कोंबत नाही. थोडं थोडं, सतत, आतला जाळ बघून घालतो. बंबालाही तेच लागू. नळा अर्ध्याहून जास्त भरला की वाऱ्याला वर जायला जागा उरत नाही. मनगटाएवढी जाड लाकडं, एकावर एक आडवी-उभी, मध्ये पोकळी ठेवून. ४० लिटरच्या बंबाला वाळलेलं एक ते दीड किलो जळण पुरतं. दोन-अडीच किलो लागत असेल तर वरचं सगळं तपासून बघायची वेळ झाली.

सकाळी पेटवताना पहिली पाच मिनिटं धूर मागं येतो, कारण रात्रभर गार झालेल्या नळीत जड हवा बसलेली असते. रद्दीचा एक कागद चुरगाळून नळीच्या बुडाशी, साफ करण्याच्या झाकणातून आत पेटवा. ती हवा हलली की मग खाली जाळ लावा. रॉकेल ओतू नका. प्लॅस्टिक, रंगवलेली लाकडं, प्लायचे तुकडे जाळू नका. पीव्हीसी जळलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल निघतं, ते छातीला आणि तांब्याला दोघांनाही खातं.

पाण्याच्या बाजूकडंही बघायला हवं. बंबात पाणी नसताना जाळ कधीही लावू नका. शिसं-कथलाचं झाळकाम १८३ अंशांपासून वितळायला लागतं. आत पाणी आहे तोवर पत्रा शंभराच्या आसपास राहतो, म्हणून सांधे टिकतात. पाणी संपलं की काही मिनिटांत सांधा सुटतो. आणि कोरड्या तापलेल्या बंबात घाईनं गार पाणी ओतलं की पत्र्याला तडा जातो. असं झालंच तर जाळ बाहेर ओढा आणि बंब आपोआप गार होऊ द्या. पाणी भरायच्या तोंडावरचं झाकण सैल असू द्या. त्यावर दगड ठेवणं किंवा फडकं कोंबून घट्ट करणं म्हणजे वाफ कोंडणं. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत आतून पांढरा थर बसतो आणि पाणी तापायला उशीर लागतो. तांब्याच्या बंबासाठी लिटरला २५ ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड), म्हणजे ४० लिटरला एक किलो, कोमट पाण्यात विरघळवून दोन-तीन तास ठेवा. फसफसणं थांबलं की सोडून द्या आणि दोनदा स्वच्छ धुवा. फरशी धुवायचं आम्ल घालू नका. गॅल्व्हनाइज्ड बंबाला तर लिंबूफूलही नको, जस्त निघून जाईल.

जुन्या निर्धूर चुली ज्यांच्याकडं आहेत त्यांच्यासाठी एक सावधगिरीची गोष्ट. केंद्र सरकारनं १९८३ साली सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला, त्या काळात सिमेंटच्या नळीची धुराडी पुष्कळ बसली. अशा जुन्या नळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती करवतीनं कापू नका, कोरडी खरवडू नका. तिची भुकटी फुप्फुसात जाऊन बसते. आतून साफ करायचीच तर ओलं करून, मऊ काथ्यानं. फुटली असेल तर पाणी मारून, जाड पोत्यात गुंडाळून काढा आणि तिथं पत्र्याची नळी बसवा. चुलीच्या भेगा लिंपताना नुसती माती घेऊ नका, ती वाळताना आकसते आणि भेग परत पडते. तीन भाग माती, एक भाग बारीक वाळू, मूठभर भाताचं तूस आणि थोडं शेण, हे रात्रभर भिजवून ठेवा. भेग आधी खरवडून रुंद करा, पाणी मारा, मग दाबून भरा. चार दिवस फक्त कागद-काटक्यांचा हलका जाळ. पहिल्याच दिवशी भडका केला तर आतलं पाणी वाफ होऊन लिंपण फोडतं.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यांनी बंबाच्या राखेच्या जागेत आणि धुराड्याच्या बुडाशी एकदा हात घालून बघावं. पुराचा गाळ वाळून तिथं विटेसारखा घट्ट बसतो. वरून काही दिसत नाही, पण वाट निम्मी झालेली असते.

धुराड्यात आगीचा घरघराट ऐकू आला, नळी लाल दिसली, तर पाणी ओतू नका, तापलेली नळी फुटते. राखेचं तोंड बंद करा, जाळावर ओली वाळू किंवा माती टाका, घरातल्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. बंबातलं पाणी सोडू नका, तेच नळ्याला सांभाळून आहे. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी डब्यात घराबाहेर दोन दिवस ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत इंगळ दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो.

शेवटची विनंती घर बांधणाऱ्यांना आणि बांधून देणाऱ्यांना. न्हाणीचा स्लॅब टाकताना सहा इंची लोखंडी नळीचा तुकडा त्यात सोडून ठेवा आणि भिंतीत जमिनीपासून चार इंचांवर सहा बाय सहाचं एक भोक ठेवा. नंतर स्लॅब फोडून धुराडं काढायला कुणी धजत नाही आणि मग बंब तसाच, बंद खोलीत, पेटत राहतो.

आपले,
बंब आणि धुराड्याचं काम करणारे काही कारागीर,
कोल्हापूर